सावकाराच्या ओट्यावर

ऊन चढायच्या आत उसाला पाणी पाजायचं म्हणून बनुबाईनं तांबडं फुटायलाच मोट जुंपली होती. मळवाडीत बाईनं मोट हाकलेली आधी कुणी पाहिली नव्हती. तिचा नवरा केरबा पलटणीत होता. आधी मिसरात होता, आता इटलीत आहे असं पत्रातनं कळलं होतं. तो गेल्यावर पहिल्या साली तिनं गडी लावून पाहिला. गडी बैलांना मारायचा आणि मोट अर्धीच भरून वर काढायचा. एक दिवस तिनं ओचा खोवला, त्याच्या हातातला आसूड घेतला आणि बैलांमागं मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसली. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं ऊस कमरेला लागला तसं त्यांचं हसणं थांबलं.

दोन माणसं बांधावरनं येऊन थारोळ्याजवळ उभी राहिली. एकाच्या काखेत छत्री होती. दुसरा जाडजूड, मान नसलेला, नुसताच बघत होता.

"केरबाचं घर ह्येच न्हवं?" छत्रीवाल्यानं विचारलं.

बैल धावेच्या उतारावरनं खाली गेले. बनुबाई नाड्यावर बसून खाली गेली. मोट वर आली, पाणी थारोळ्यात धबाधब ओतलं गेलं, आणि बैल मागं सरत सरत पुन्हा वर आले.

"व्हय. काय काम हाय?"

"मी जोतिबा. रहिमतपूरच्या नाथाजी सावकारांचा माणूस."

ती पुन्हा खाली गेली. वर येईपर्यंत जोतिबाला थांबावं लागलं.

"वैनी, मोट थांबवा जरा. बोलायचं हाय."

"पाणी चालू हाय. बोला तसंच."

मग तो तुकड्यातुकड्यानं बोलला. तिच्या भावानं, लोणंदच्या अर्जुनानं, दोन वर्सामागं सावकाराकडनं बैलजोडीसाठी रक्कम उचलली होती. बैल रोगानं गेले. तेव्हापास्नं व्याज नाही की मुद्दल नाही. आता त्याच्याकडं जावं तर घरात वाजवायला थाळी नाही.

"मग माझ्याकडं कशापाई आलाय?"

"त्यो बोलला हुता सावकारास्नी. मला न्हाई जमलं तर आक्का दील. मेव्हणा मिलिटरीत हाय, म्हैन्याच्या म्हैन्याला मनिआर्डर येती."

नाडा ताणला गेला होता. बनुबाईनं बैलांना तसंच धरलं. पहिल्यांदाच मोट मध्ये थांबली.

"माझा अंगठा हाय का कागदावर?"

"न्हाई."

"माझ्या मालकाचा?"

"न्हाई. पर शबुद हाय न्हवं."

"कुणाचा?"

"अर्जुनाचा."

"मग अर्जुनाकडनं घ्या," ती म्हणाली आणि नाड्यावर बसली. बैल निघाले. ती वर आली तेव्हा थारोळ्याजवळचा चिखल तेवढा तुडवलेला होता. दोघं गावाच्या वाटेला लागलेले दिसत होते.

दुपारी ती घरी आली तर ते ओट्यावर बसलेले. तिची सासू हरणाबाई आत चुलीपुढं होती. भाकरी करपल्याचा वास येत होता. हरणाबाईच्या हातनं भाकरी करपली असं सहसा होत नव्हतं.

"कवापास्नं बसल्यात?" बनुबाईनं हळूच विचारलं.

"तुझ्या म्हायेरचं पावणं हायती, तूच इचार," सासू म्हणाली.

 लग्न झाल्यापासनं माहेरावरनं बोलणी खायची बनुबाईला सवय होती. तिचा बाप लोणंदच्या पेठेत पोती उचलायचा, भाऊ तेच करत होता, आणि हरणाबाईच्या घरात चार पिढ्या पलटणीत गेलेल्या. हुंडा थोडा, मानपान थोडा, रुखवतात लाडू कमी. वर्षं झाली तरी ते लाडू हरणाबाईच्या तोंडातनं गेले नव्हते. आजवर बनुबाई मान खाली घालून ऐकायची कारण लाडू खरोखर कमी होते. पण आज दारात बसलेल्या माणसांना ती काय उत्तर देणार होती?

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्याही. सकाळी यायचे, ओट्यावर घोंगडं अंथरायचे, पानाची चंची सोडायचे. शिवी नाही, आरडाओरडा नाही. जाणारायेणारा थांबून बघायचा, मग जोतिबा मोठ्यानं, अगदी अदबीनं सांगायचा, "काय न्हाई, वसुलीला आलोय. मिलिटरीवाल्याचं घर हाय, लई दिवस थकवणार न्हाईत." जाडा माणूस भिंतीच्या कडेला पिंक टाकायचा. सारवलेल्या भिंतीवर तांबडे ओघळ उतरायचे. बनुबाई रोज संध्याकाळी शेणाचा बोळा घेऊन ते पुसायची.

शेजारच्या बाया विस्तव न्यायला येईनाशा झाल्या. ओट्यावर परकी माणसं बसलेली असताना कोण येणार? त्या दोघांना बाहेर पाणी द्यावं लागायचं, कारण मागितलेलं पाणी नाही म्हणायची त्या घराची रीत नव्हती. हरणाबाई स्वतः तांब्या नेऊन ठेवायची, ठेवताना आदळायची.

मग पोस्टमन आला. सायकल भिंतीला लावायच्या आत जोतिबा उठून उभा राहिला. त्यानं हात पुढं केला नाही. नुसता पोस्टमनच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, उभा राहिला. गल्लीतली चारसहा माणसं आपापल्या दारात आली.

बनुबाई बाहेर आली. तिनं शाईचा अंगठा उठवला, पोस्टमनच्या हातनं नोटा घेतल्या. सगळे बघत होते ती त्या कुठं ठेवते. ती वळली, उंबऱ्यात बसलेल्या सासूपुढं वाकली आणि नोटा तिच्या ओटीत घातल्या.

"तुमच्या ल्योकाचं हायती, आत्याबाई. तुमीच ठिवा."

हरणाबाईनं पदर आवळला. जोतिबाकडं बघत सावकाश गाठ मारली. जोतिबा खाली बसला. त्या दिवशी त्यानं पाणी मागितलं नाही, पण जाताना आवाज चढवून म्हणाला, "बाजारच्या दिशी बैल सोडून न्हेनार. सावकारांचा निरोप हाय. अडवायचं आसंल त्येनं अडवावं."

संध्याकाळी केरबाचा चुलतभाऊ गुंडा आला. ओट्यावर न बसता तो थेट आत आला आणि दार लोटून घेतलं.

"वैनी, मी सांगतो त्ये ऐका. डोंगराकडल्या माणसांस्नी निरोप धाडतो. पत्रीवाल्यांस्नी. एका दिसात सावकार नीट हुतोय बघा. तळपायावर चार बसल्या की वसुली इसरून जाईल."

त्या दिवसांत पत्री सरकारकडं असे निरोप जात होते आणि माणसं नीटही होत होती. गुंडा थाप मारत नव्हता हे बनुबाईला ठाऊक होतं. ती चुलीतली लाकडं मागं ओढत राहिली.

"नगं, भावजी."

"का? मालक इंग्रजाच्या पलटणीत हाय म्हून भ्या वाटतंय व्हय? त्ये काय म्हननार न्हाईत. बाईमानसाला तरास दिलेला त्यास्नी खपत न्हाई."

"भ्या न्हवं. त्येचं पाय फोडल्यावर माणसं काय म्हनतील? सावकाराचं दिनं हुतं म्हून मारून बुडिवलं. दिनंच न्हाई हे कोन सांगनार?"

"मग बैल जाऊ देनार?"

"अर्जुनाला घिऊन येती. त्येचं त्यो सांगंल."

गुंडानं हरणाबाईकडं पाहिलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. तशीच म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जा. बैलांजवळ मी बसते."

लोणंदच्या पेठेत कांद्याच्या पोत्यांची थप्पी लागली होती. धुरळा, कांद्याच्या पापुद्र्यांचा कचरा, हमालांचा हाकारा. अर्जुना पाठीवर पोतं घेऊन फळीवरनं चढत होता. बहिणीला पाहिलं आणि त्याचा पाय अडखळला. पोतं टाकून तो खाली आला तेव्हा त्याच्या मानेवर घामानं आणि तागाच्या सुतळ्यांनी खरवडल्याच्या रेघा उठल्या होत्या. तो आधीपेक्षा बारीक झाला होता. बनुबाईला वाटलं होतं की बघताच त्याला चार शब्द सुनवावेत. ते तिच्यानं झालं नाही.

"आक्का, मला ठावं हाय कशाला आलीस," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "माझ्याकडं कायबी न्हाई. दिसाला मिळतं त्ये दिसाला खातोय."

"पैसं मागाया न्हाई आले."

"तुजं नाव सांगितल्याबिगर त्यो देत न्हवता. मला वाटलं, बैल चांगली हायती, गाडी चालंल, फेडून टाकीन. तुला कळायचंबी न्हाई."

"बैल गेली त्यात तुजी चूक न्हाई. पर माजं नाव तुजं न्हवतं, गड्या. त्ये माझ्या मालकाच्या घरचं हाय."

अर्जुना मानेवरचा घाम पुसत राहिला.

"चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "सावकाराच्या म्होरं हुबा ऱ्हा आन सांग, करज माजं, आक्काचा संबंद न्हाई. मला तुजं त्वांड पायजे, दुसरं काय नगं."

"तितं गेलो की मला धरून ठिवतील. चार लोकांत इज्जत जाईल, आक्का."

"चार लोकांत माजी चाललीया, रोज. वट्ट्यावर बसून पान खात्यात."

मुकादमानं हाक मारली. अर्जुनानं पुन्हा पाठ वाकवली, दोघांनी पोतं वर चढवलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बनुबाई थप्पीच्या सावलीला बराच वेळ उभी राहिली. मग स्टेशनची वाट धरली. गाडीत तिच्या शेजारी एक बाई लग्नाला चाललेली, सारखी बोलत होती. बनुबाई हूं हूं करत राहिली आणि खिडकीतनं परक्यांच्या विहिरींवरच्या मोटा बघत राहिली.

घरी आली तर हरणाबाई गोठ्यात, बैलांच्या मधे, पोत्यावर बसलेली. हातात विळा.

"एकलीच आलीस?"

"व्हय."

"न्हाई आला?"

"न्हाई."

आता सासू बोलणार म्हणून बनुबाई उभी राहिली. हमालाचं घर, हमालाची जात, हमालाचा शब्द. काय काय बोलणार ते तिला पाठ होतं. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. विळा आढ्याला खोवला.

"उंद्या बाजार हाय," ती म्हणाली. "त्ये हितं येनार, बैल सोडनार, आन गल्ली बघनार. आपून दोघी बाया. काय अडवनार?"

बनुबाई बैलाच्या वशिंडावरनं हात फिरवत होती. हे बैल केरबानं वासरं असताना आणले होते. खांद्याला घट्टा पडलेला, कातडं चकचकीत. ती म्हणाली, "आत्याबाई, त्यास्नी कशाला यायला लावायचं?"

"म्हंजे?"

"आपुनच न्हिऊ."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तर मग सकाळी धुवून काड. अशी शेनानं माखल्याली न्हेऊ नगंस."

बनुबाईनं बैल विहिरीवर धुतले. शिंगांना तेल लावलं. हरणाबाईनं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं, डोक्यावरनं पदर घेतला, आणि दोघी रहिमतपूरच्या वाटेला लागल्या. पुढं म्हातारी, मागं बैलांचे कासरे धरून सून. गाव अजून भाकऱ्या थापत होतं. गुंडा दारात दात घासत होता. त्यानं तोंडातली राखुंडी थुंकली, पटका गुंडाळत गुंडाळत मागनं निघाला.

ऊन वर आलं तसं बाजारची माणसं वाटेला वाढली. गाड्या, डोक्यावर पाट्या, शेरडं. हरणाबाईला धाप लागत होती. बनुबाई म्हणाली, "जरा बसू या," पण ती थांबली नाही. "तितं जाऊन बसायचंच हाय," म्हणाली.

सावकाराचं घर पेठेतच, बाजाराच्या तोंडाला. दगडी ओटा, त्याला कोरीव खांब. ओट्यावर गादी घातलेली आणि नाथाजी सावकार पांढरी टोपी घालून बसलेला. जोतिबा आणि जाडा माणूस बैल आणायला निघायच्या बेतात होते. जोतिबानं जोडा घालता घालता वर पाहिलं आणि तसाच एका पायावर थांबला.

बनुबाईनं कुणाला विचारलं नाही. एक बैल एका खांबाला बांधला, दुसरा दुसऱ्याला. मग सासूला हात धरून ओट्यावर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली. बैलानं ओट्यावरच्या गादीचा वास घेतला.

"ह्ये काय?" सावकार म्हणाला.

"तुमची माणसं आमच्या वट्ट्यावर बसत हुती," बनुबाई म्हणाली. "मला वाटलं बसायची रीत हाय. म्हून आमीबी आलो."

"बाई, आत या. आत बसून बोलू."

"आत कशाला? आमच्याकडं समदं भाईरच बोलनं झालं."

बाजारची माणसं थांबायला लागली. आधी दोन, मग दहा, मग वाट भरली. गुंडा मागं खांबाला टेकून उभा होता. सावकारानं त्याच्याकडं, गर्दीकडं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. ते दिवसच असे होते की गर्दीत कोण कुणाचं असेल सांगता येत नव्हतं.

बनुबाई उठली. आवाज तिनं चढवला नाही, पण मोटेवर बैलांना हाका घालायची सवय असल्यानं तो सगळ्यांना ऐकू गेला.

"सावकार, बैल न्हेनार असा निरोप हुता. मी आणून बांधली. माजं दिनं आसंल तर चार लोकांत सांगा कुटला कागद, कुनाचा अंगठा, आन बैल ठिवून घ्या. मी मागं वळून बघनार न्हाई. दिनं नसंल तर त्येबी सांगा."

"तसं कागदावर तुमचं न्हाई. पर तुमच्या भावानं..."

"भावाचं भावाला इचारा. माजं सांगा."

"अहो बाई, वेव्हारात घर बघून पैका देतात. तुमचं घर बघूनच दिला मी. मिलिटरीचा पैसा येतो, भावाच्या अडचणीला बहीण न्हाई तर कोण? काय चुकलं माझं?"

गर्दीतनं कुणीतरी हसलं.  भावाच्या अडचणीला बहीण. ते खोटं म्हणून बनुबाईला टाकता येईना.

तेव्हा हरणाबाई उठली. खांबाला धरून, गुडघे सरळ करत.

"घर बघून दिला म्हनतोस. कवा आला हुतास घर बघाया? कुनाला इचारलंस? घर माजं हाय. माजा ल्योक तिकडं गोळ्या खातोय, त्येच्या नावावर तू हितं व्याज चडिवतोस?"

"आजी, तसं न्हवं. सुनबाईंच्या म्हायेरचं..."

"सुनंच्या म्हायेराचं मला सांगू नगंस. लगीन झाल्यापास्नं मी हिला म्हायेरावरनं बोलते. सासू हाय, बोलले. तू कोन?"

बाजारातल्या बाया हसल्या, आणि पुरुषही. जोतिबा दुसऱ्या पायात जोडा घालून मागच्या दाराकडं सरकला. सावकारानं टोपी काढली, पुन्हा घातली. त्याच्या दारात गिऱ्हाईक यायच्या वेळेला दोन बैल उभे होते आणि त्यातला एक शेण टाकत होता.

"बरं," तो म्हणाला.

"बरं न्हाई. सांगा," बनुबाई म्हणाली.

"केरबाच्या घराकडं माझं काही येणं नाही," सावकार म्हणाला. अर्ध्या लोकांना ऐकू गेलं नाही. मागनं कोणतरी ओरडलं, मोठ्यानं बोला सावकार. तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं, पेठेच्या पलीकडच्या कासाराच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं.

बनुबाईनं कासरे सोडले. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि अर्जुना पुढं आला. स्टेशनपासनं पळत आला होता, छाती वरखाली होत होती. बंडीला कांद्याचे पापुद्रे तसेच चिकटलेले.

"सावकार, करज माजं हाय," तो म्हणाला. "अंगठा माजा. आक्काचं नाव मी फुकाट घातलं."

"झालं ते सांगून," सावकार चिडून म्हणाला. "आता तू दे म्हणजे झालं."

अर्जुनानं बहिणीकडं पाहिलं. उशीर झाला हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. 

"आत जा आन तुजं तू ठरीव," बनुबाई म्हणाली. "मान खाली घालू नगंस. बैल मेली, चोरी न्हाई केलीस."

अर्जुना ओट्याच्या पायऱ्या चढला. दोघी बैल घेऊन बाजारातनं निघाल्या. वाट आपोआप मोकळी होत गेली. कासाराच्या बायकोनं हरणाबाईला हात जोडले. म्हातारीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण पाठ ताठ झाली.

गावाबाहेरच्या वडाखाली मात्र ती मटकन बसली. बनुबाईनं पदराच्या शेवटानं तिला वारा घातला.  सावली सरकून पायाशी आली तेव्हा वाटेवर अर्जुना दिसला. जवळ येऊन तो थोडा लांबच, उन्हात उभा राहिला.

"काय ठरलं?" बनुबाईनं विचारलं.

"निम्मं व्याज सोडलं. चार लोक आत आलं हुतं, सोडायलाच लागलं. बाकी सुगीत त्येच्या गुऱ्हाळावर राबून फेडायचं. अंगठा दिला." तो घुटमळला. "आत्याबाई, माजं चुकलं."

हरणाबाईनं त्याच्या पायांकडं पाहिलं. पाय अनवाणी होते, फुफाट्यानं पांढरे झालेले.

"उनात का हुबा हाय ह्यो?" ती सुनेला म्हणाली. "भाकरी सोड. तुजा भाऊ हाय, तूच वाड त्येला."

बनुबाईनं फडकं सोडलं. भाकरीवर ठेचा ठेवून भावाच्या हातात दिली. तो खाली बसला आणि खाऊ लागला.  तिनं दुसरीकडं पाहिलं, त्याला सावकाश खाऊ दिलं.

बाजार करून परतणारी एक गाडी वडाजवळ थांबली. गाडीवान लांबच्या गावचा, ओळखीचा नव्हता. धुतलेले, तेल लावलेले बैल बघून त्यानं मान हलवली.

"जोडी झ्याक हाय, म्हातारे. इकाया न्हेली हुती काय? गिऱ्हाईक न्हाई गावलं?"

हरणाबाईनं पदर सारखा केला.

"इकाया न्हाई," ती म्हणाली. "दावाया न्हेली हुती."